इंग्लिश फुटबॉल क्लबचा हिशोब कसा वाचायचा: सोसायटीच्या खजिनदाराची पद्धत

२०२५ ची भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. ताई आणि भाचा मुक्कामाला होते, दुपारी उरलेल्या चकल्या खाता खाता भाचा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मामा, शेफील्ड वेन्सडे क्लबचे बारा पॉइंट कापले. मॅच हरले म्हणून नाही, पैसे संपले म्हणून. असं असतं?" असतं बाबा. मी वर्तकनगरला आमच्या सोसायटीचा सात वर्षं खजिनदार आहे (दुसरं कोणी तयार होत नाही, एवढंच कारण), पैसे संपले की काय काय बंद पडतं ते मला विचार. आमच्याकडे पॉइंट नाहीत म्हणून लिफ्ट बंद पडते.

तेव्हापासून आम्ही दोघं अधूनमधून बसून इंग्लिश क्लबांचे हिशोब वाचतो. त्यासाठी सीए असावं लागत नाही. सोसायटीचा वार्षिक अहवाल ज्याने आयुष्यात एकदा तरी नीट वाचलाय, म्हणजे एजीएमला समोसा येईपर्यंत चाळलाय असं नाही, वाचलाय, त्याला क्लबचा ताळेबंद जमतो. आता भाच्याचे टर्फवरचे मित्र पण विचारायला लागलेत म्हणून पद्धत एकदाची लिहून टाकतो.

आधी बिल्डिंगचे मजले समजून घ्या

वरच्या मजल्यावर प्रीमियर लीग, २० क्लब. खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४, म्हणजे ७२ क्लब, या तिघांना मिळून ईएफएल म्हणतात. दर सीझनला तळाचे क्लब एक मजला खाली जातात आणि खालचे वरचे नंबर वर येतात. आता कागद घ्या आणि एक साधा भागाकार करा. प्रीमियर लीगचा इंग्लंडमधला टीव्ही करार २०२५ ते २०२९ या चार वर्षांचा ६७० कोटी पाउंडांचा आहे. वर्षाला साधारण १६७ कोटी, भागिले २०, म्हणजे क्लबमागे सरासरी आठ कोटींच्या वर. ईएफएलचा करार २०२४ ते २०२९, पाच वर्षांचा, ९३.५ कोटी. वर्षाला १८.७ कोटी, भागिले ७२, क्लबमागे २६ लाख. बत्तीस पट फरक झाला, आणि यात परदेशातून येणारे टीव्हीचे पैसे मी धरलेलेच नाहीत, आपण इथे ठाण्यात बसून भरतो ते सबस्क्रिप्शन तिकडेच जातं. शिवाय ईएफएलचे सुद्धा समान वाटे होत नाहीत, त्यातलं ८० टक्के चॅम्पियनशिपला, १२ टक्के लीग वनला आणि ८ टक्के लीग टूला.

हे नेहमीच असं नव्हतं. १९८३ पर्यंत तिकिटाच्या गल्ल्यातला काही हिस्सा पाहुण्या टीमला द्यावा लागायचा, तो मोठ्या क्लबांनी बंद करून घेतला. मग १९९२ ला पहिल्या डिव्हिजनचे २२ क्लब सरळ बाहेर पडले आणि स्वतःची लीग काढून टीव्हीचा करार स्वतःच्या नावाने केला. आमच्या ए विंगच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे, त्याचं भाडं पूर्ण सोसायटीच्या खात्यात येतं. उद्या ए विंगवाले म्हणाले की टॉवर आमच्या डोक्यावर आहे, भाडं आमचं, आम्ही वेगळी सोसायटी रजिस्टर करतो, तर बी आणि सी विंगचं जे होईल ते इंग्लंडमध्ये १९९२ ला झालं.

पण इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वरच्या मजल्यावर आपसात वाटणी तशी ठीकठाक आहे. देशातल्या टीव्हीच्या पैशातला अर्धा भाग सगळ्यांना सारखा, पाव भाग टेबलमधल्या नंबरावर, पाव भाग किती मॅच टीव्हीवर दाखवल्या त्यावर. २०२३-२४ ला शेफील्ड युनायटेड (वेन्सडे नव्हे, त्याच शहरातला दुसरा क्लब) सपशेल शेवटची आली, तरी लीगकडून तिला ११ कोटी पाउंडांच्या आसपास मिळाले आणि चॅम्पियन मँचेस्टर सिटीला साडेसतरा. म्हणजे पहिल्या आणि विसाव्यात दुप्पट सुद्धा फरक नाही. सिटीची त्या वर्षीची एकूण कमाई मात्र ७१.५ कोटी होती, बाकीचं चॅम्पियन्स लीग, स्पॉन्सर वगैरेंचं, तो श्रीमंतांतला फरक वेगळा. खरी दरी आहे ती विसाव्या आणि एकविसाव्या नंबरात.

त्या दरीत पडणाऱ्याला गादी म्हणून पॅराशूट पेमेंट मिळतं. खाली आलेल्या क्लबला पहिल्या वर्षी टीव्हीच्या समान वाट्याच्या ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०, आणि तिसरं वर्ष फक्त त्यांनाच जे वर एकापेक्षा जास्त सीझन होते. पडणाऱ्यासाठी बरंच आहे, पण शेजारच्या क्लबचा विचार करा. त्याला त्याच लीगमध्ये या पॅराशूटवाल्याशी स्पर्धा करायचीय, मग तो काय करतो, कर्ज काढून प्लेयर घेतो, की एकदा वर गेलो की सगळं फिटेल. चॅम्पियनशिपचा सगळा जुगार या एका वाक्यावर चालतो.

कागद कुठे मिळतात

ब्रिटन सरकारचं कंपनीज हाउस नावाचं रजिस्टर आहे, ऑनलाइन, फुकट, लॉगिन पण लागत नाही. आपल्याकडे कंपनी मंत्रालयाच्या (एमसीए) साइटवर कंपनीचे कागद बघायचे तर फी भरा, तिकडे सरळ पीडीएफ उघडते. क्लबचं नाव टाका. त्या नावाच्या चार-पाच कंपन्या येतील, सपोर्टर क्लबची, दुकानाची, कधी ट्रस्टची, तर फुटबॉल क्लब लिहिलेली जुनी कंपनी शोधा आणि आत फायलिंग हिस्टरीवर जा. अकाउंट्स लिहिलेलं सगळ्यात वरचं डाउनलोड करा.

एवढ्यावर थांबू नका. क्लबच्या डोक्यावर बहुतेक वेळा अजून एक कंपनी असते आणि खरा खड्डा कधी कधी तिच्यात असतो. आपल्या माणसांचंच उदाहरण घेऊ, ब्लॅकबर्न रोव्हर्स. १८८८ ला फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाचा संस्थापक क्लब, १९९५ चा प्रीमियर लीग चॅम्पियन, आणि नोव्हेंबर २०१० पासून मालक कोण, तर आपल्या पुण्याचे वेंकीज. चिकनवाले. (प्लेयर ड्रेसिंग रूममध्ये चिकन खातायत अशी जाहिरात पण आली होती, बघा मिळाली तर.) २०१२ ला क्लब खाली आला, २०१७ ला अजून एक पायरी खाली लीग वनमध्ये गेला, एका वर्षात परत चॅम्पियनशिपला. तर त्यांचा हिशोब बघताना रोव्हर्सची कंपनी आणि वरची वेंकीज लंडन लिमिटेड अशा दोन्ही उघडायच्या.

अजून एक अडचण सांगून ठेवतो नाहीतर शिव्या द्याल. लीग टूचे बरेच क्लब कायद्याने लहान कंपनीत मोडतात, ते नफातोटा पत्रक टाकतच नाहीत, नुसता ताळेबंद मिळतो. तेव्हा दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून तोटा किती वाढला ते बघायचं, दुसरा इलाज नाही. आणि पानाच्या वरच अकाउंट्स ओव्हरड्यू असं दिसलं तर पीडीएफ उघडायची पण गरज नाही, ज्या सोसायटीचं ऑडिट वेळेत होत नाही तिथे काय शिजत असतं ते तुम्हाला माहितीये.

कुठलं पान आधी

पहिली दहा पानं सोडा. त्यात चेअरमनचं मनोगत असतं, फॅन्सचे आभार, पुढचा सीझन उज्ज्वल. सरळ टर्नओव्हर, म्हणजे वर्षाची कमाई, शोधा आणि मग नोट्समध्ये स्टाफ कॉस्ट्स, म्हणजे पगार. दुसऱ्याला पहिल्याने भागा. साठ-पासष्ट टक्के आलं तर मालक शहाणा आहे. नव्वद आलं तर चॅम्पियनशिपमध्ये ते नॉर्मल समजतात, आणि शंभरच्या वर आलं तरी दचकू नका, कोविडच्या काळात पूर्ण चॅम्पियनशिपचीच सरासरी शंभरच्या वर होती. शंभर रुपये मेंटेनन्स जमा होतो आणि वॉचमनचा पगारच एकशे दहा. वीजबिल, पाणी, लिफ्टचं एएमसी अजून भरायचंय.

आता इथे थांबून मुख्य प्रश्न विचारायचा. क्लब गरीब आहे का, हा तो प्रश्न नाही. तोटा कोण भरतो, हा आहे. कारण तोटा तर झालाय, पगार तर गेलेत, म्हणजे कोणीतरी पैसे घातलेत. ते नाव शोधायचं. ताळेबंदात देण्यांच्या नोटमध्ये अमाउंट्स ओड टू ग्रुप अंडरटेकिंग्ज अशी ओळ असते, ती म्हणजे वरच्या कंपनीचं, पर्यायाने मालकाचं कर्ज. शेवटच्या पानावर अल्टिमेट कंट्रोलिंग पार्टी असते, तिथे माणसाचं नाव. दोन्ही एकत्र वाचलं की कळतं, हा क्लब दर महिन्याला एका माणसाच्या चेकवर जगतोय. तो माणूस चांगला असेल, क्लबवर जीव असेल, पण त्याचा धंदा बसला, बायकोशी घटस्फोट झाला, सरकारी चौकशी लागली किंवा नुसता कंटाळा आला तर पुढच्या महिन्याचा पगार नाही. ब्लॅकबर्नलाच २०२३ पासून भारतातून पैसे पाठवायचे तर मालकांना दिल्ली हायकोर्टात जावं लागत होतं. लँकेशायरमधल्या डिफेंडरचं काँट्रॅक्ट आणि दिल्लीतली तारीख, याचा संबंध लावून बघा.

भाचा म्हणाला, मग श्रीमंत मालक नकोच का? नको कसा, आमच्या सोसायटीत पण एक काका होते, तूट आली की स्वतःच्या खिशातून घालायचे, सगळे त्यांना देव मानायचे. ते पुण्याला मुलाकडे राहायला गेले त्या वर्षी कळलं की चार वर्षं मेंटेनन्स वाढवलाच नव्हता.

गोइंग कन्सर्न हा शब्द पीडीएफमध्ये सर्च करा. ऑडिटर तिथे लिहितो की कंपनी अजून बारा महिने चालेल का. मटेरियल अनसर्टन्टी असे शब्द आले तर समजा डॉक्टरने नातेवाइकांना बाहेर बोलावलंय.

जमीन कोणाच्या नावावर

हे पान मी सगळ्यात लक्ष देऊन वाचतो आणि त्याला कारण आहे. आमच्या बिल्डिंगला बावीस वर्षं झाली तरी जमिनीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही. फ्लॅट आमचे, मेंटेनन्स आम्ही भरतो, टॅक्स आम्ही भरतो, आणि जमीन कागदावर अजून बिल्डरची. ठाण्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. डीम्ड कन्व्हेयन्सची फाइल घेऊन मी किती चपला झिजवल्या ते जाऊ दे. मुद्दा असा की इंग्लंडमध्ये काही क्लबांनी हे दुखणं स्वतःहून विकत घेतलंय.

कसं, तर तीन वर्षांत अमुक इतकाच तोटा चालेल असा नियम होता. तोटा जास्त झाला की मालक स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला स्टेडियम विकायचा, तो विक्रीचा नफा क्लबच्या खात्यात दिसायचा, तोटा झाकला जायचा. डर्बी काउंटीने प्राइड पार्क असंच आपल्या मालकाला ८ कोटी पाउंडांच्या आसपास विकलं. शेफील्ड वेन्सडेने हिल्सबरो साधारण ६ कोटींना. वेन्सडेने विक्रीचा नफा चुकीच्या वर्षात दाखवला आणि तोट्याचा नियम मोडला म्हणून २०२० ला बारा पॉइंट कापले, अपिलात सहा झाले, आणि २०२१ ला टीम लीग वनला गेली, ते सहा पॉइंट कापले नसते तर वाचली असती. म्हणजे स्टेडियम पण गेलं आणि लीग पण गेली. डर्बी सप्टेंबर २०२१ ला अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे देणी झेपेनात म्हणून कारभार बाहेरच्या प्रशासकाच्या हातात, एकूण २१ पॉइंट कापले, तेही खाली.

तर फिक्स्ड अ‍ॅसेट्सच्या नोटमध्ये जमीन-इमारत आहे का बघा. एखाद्या वर्षी ती अचानक गायब झाली असेल आणि त्याच वर्षी क्लब नफ्यात दिसत असेल तर समजून जा. कंपनीज हाउसवर चार्जेस नावाचा टॅब पण आहे, तिथे काय काय कोणाकडे तारण ठेवलंय ते दिसतं. बँकेचं नाव असेल तर ठीक, कधी न ऐकलेल्या फायनान्स कंपनीचं असेल आणि वर्षात तीन-तीन चार्ज असतील तर क्लब सोनं मोडून किराणा भरतोय.

प्लेयरची किंमत आणि मोठ्यांच्या चलाख्या

हे पटकन सांगतो. ५ कोटींचा प्लेयर पाच वर्षांच्या काँट्रॅक्टवर घेतला तर हिशोबात दरवर्षी १ कोटी खर्च पडतो, पूर्ण ५ एकदम नाही. चेल्सीने यावर काय डोकं लावलं, एन्झो फर्नांडिसला २०२३ च्या जानेवारीत जवळपास १०.७ कोटींना घेतला आणि काँट्रॅक्ट दिलं साडेआठ वर्षांचं, म्हणजे वर्षाचा बोजा हलका. नंतर नियम आला की हिशोबाला जास्तीत जास्त पाच वर्षंच धरायची. उलट अकादमीत तयार झालेल्या पोराची पुस्तकी किंमत शून्य, तो विकला की सगळा नफा, म्हणून मेसन माउंट आणि गॅलेगरसारखी घरची पोरं आधी विकली जातात. आणि तरी नाही भागलं तर चेल्सीने स्वतःची दोन हॉटेलं स्वतःच्याच भावंड कंपनीला ७.६५ कोटींना विकली, मग महिलांची टीम पण वरच्या कंपनीला. हे वाचून दाखवलं तेव्हा भाचा दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, "मामा, हे बेकायदेशीर नाही ना?" नाही रे. लीगच्या नियमात तेव्हा बसत होतं. एवढे वकील-सीए पगारावर ठेवायला पैसे आहेत हीच तर श्रीमंती. एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टला नाही जमलं, २०२३-२४ ला एव्हर्टनचे दोन वेळा मिळून आठ आणि फॉरेस्टचे चार पॉइंट गेले.

पैसे संपले की नक्की काय होतं

वेन्सडेचं २०२५ क्रमाने बघा, कारण जवळपास सगळीकडे असंच होतं. आधी प्लेयरचे पगार उशिरा, एकदा नाही, परत परत. मग चांगले प्लेयर निघून गेले. फॅन्सनी मालकाला पैसे द्यायचे नाहीत म्हणून मॅचवर बहिष्कार टाकला. २४ ऑक्टोबरला अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, लगेच बारा पॉइंट वजा. आणि मजा बघा, मालक गेला कळल्यावर त्याच फॅन्सनी क्लबच्या दुकानासमोर आणि तिकिटांना रांगा लावल्या. डिसेंबरमध्ये पगार थकवल्याबद्दल अजून सहा पॉइंट गेले ते वेगळे.

अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये देणी कोणाची आधी द्यायची याचा एक नियम आहे जो मला अजिबात पटत नाही. फुटबॉलवाल्यांची देणी, म्हणजे प्लेयर आणि दुसरे क्लब, ती पूर्ण चुकवायची, नाहीतर लीगमध्ये राहता येत नाही. मग उरलंसुरलं बाकीच्यांना, म्हणजे खाणं पुरवणारा केटरर, प्लंबर, छपाईवाला, यांना पाउंडामागे काही पेनी. लाखोंचा स्ट्रायकर पूर्ण घेऊन जातो आणि गल्लीतला लाँड्रीवाला हात हलवत जातो. पोर्ट्समथने २००८ ला एफए कप (लीगपेक्षा वेगळी, हरला की बाहेर अशी स्पर्धा) जिंकला, २०१० ला प्रीमियर लीगमध्ये असताना अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये जाणारा पहिला क्लब झाला, २०१३ ला लीग टूपर्यंत घसरला, तेव्हा फॅन्सच्या ट्रस्टने तो विकत घेऊन वाचवला. बरी नावाचा क्लब मात्र नाही वाचला. १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला, डिसेंबर २०१८ ला एक पाउंडला विकला गेला आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगमधून काढून टाकला. एक पाउंड. स्टेशनबाहेर त्यात तेव्हा पाच-सहा वडापाव आले असते.

आता जुलै २०२५ ला तिकडे कायदा होऊन स्वतंत्र रेग्युलेटर आलाय, क्लबला लायसन्स लागणार, स्टेडियम विकायला परवानगी लागणार. म्हणजे तिकडचा रजिस्ट्रार समजा. आमच्या इकडच्या अनुभवावरून मी फार उड्या मारत नाहीये, पण कन्व्हेयन्सचा मुद्दा त्यांनी धरला हे बरं केलं.

सराव कशावर करायचा

पहिला क्लब म्हणून मी एक्सेटर सिटी सुचवतो. २००३ पासून फॅन्सच्या ट्रस्टच्या मालकीचा, म्हणजे आपल्या सहकारी सोसायटीसारखाच, मोठा शेठ कोणी नाही, त्यामुळे तोटा भरायला पण कोणी नाही आणि हिशोब समजायला सोपा. ट्रस्टकडे क्लब आला तेव्हा तो लीगच्या बाहेर फेकला गेलेला आणि कर्जात होता. जानेवारी २००५ ला एफए कपमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी ०-० करून आले, गेटचा, म्हणजे तिकिटांच्या पैशांचा, वाटा मिळाला, वर बरोबरी झाली म्हणून घरच्या मैदानावर परत मॅच, म्हणजे रिप्ले मिळाला, तो हरले २-०, पण कर्जाचा मोठा भाग त्यातून फिटला. एफए कपमध्ये गेट अजून वाटलं जातं, म्हणून छोट्या क्लबला मोठ्याच्या घरी ड्रॉ म्हणजे लॉटरी होती. २०२४-२५ पासून मुख्य फेऱ्यांतले रिप्लेच बंद केले, मोठ्यांच्या प्लेयरना थकवा येतो म्हणून. एक्सेटरच्या हिशोबात मग काय बघायचं, तर प्लेयर विक्री. ऑली वॉटकिन्स त्यांच्या अकादमीचा, २०१७ ला ब्रेंटफर्डला विकला तेव्हा पुढच्या विक्रीतला हिस्सा लिहून घेतला होता, २०२० ला तो अ‍ॅस्टन व्हिलाला गेला तेव्हा एक्सेटरला परत पैसे आले. जुना फ्लॅट विकताना सोसायटी ट्रान्सफर फी घेते ना, तसंच, फक्त आपल्याकडे पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही.

एक्सेटर झाला की ब्लॅकबर्न घ्या, मग एखादा प्रीमियर लीगवाला. तीन हिशोब वाचायला दोन रविवार लागतात. भाच्याने मध्ये हट्ट धरला की एक्सेटरची लाल-पांढरी जर्सी घ्यायचीच, आम्ही स्टेशन ते जांभळी नाका सगळी दुकानं आणि फुटपाथ फिरलो, सिटी, चेल्सी, लिव्हरपूल, आर्सेनल अडीचशेला कुठलीही, एक्सेटर म्हटल्यावर एक दुकानदार म्हणाला हे नाव कुठल्या कंपनीचं आहे साहेब. शेवटी क्लबच्या दुकानातून मागवायचं ठरलंय, शिपिंग धरून जे होईल ते ताईला अजून सांगितलेलं नाही.

आणि एक, बहुतेक क्लबांचं वर्ष ३० जूनला संपतं आणि हिशोब टाकायला नऊ महिने मिळतात, म्हणजे शेवटची तारीख येते ३१ मार्च. त्याच दिवशी आमच्या सोसायटीचं वर्ष संपतं. त्या आठवड्यात काही अडलं तर भाच्याला विचारा, मला फोन करू नका.